राजाने हसत दिलेले दुखणे

एका राज्यात राजाचे तळवे पाहणाऱ्याचे डोळे काढत. कायदा सात पिढ्यांचा होता. ज्या पायांनी राज्याची शीव आखली, ते पाय खालून पाहणे म्हणजे राज्याचा तळ पाहणे, असे कोणा पूर्वजाला वाटले आणि त्याने ते दगडावर कोरून ठेवले. असे का वाटले, हे त्याला कोणी विचारले नाही. डोळे सगळ्यांनाच प्यारे असतात.

त्या राज्याची आणखी एक रीत होती. वर्षातून एका दिवशी, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, राजा पायी शिवफेरी करी. पावले पडतील तिथवर राज्य. फेरी पुरी होण्याआधी राजा कोसळला तर राज्याला शीव उरत नसे, आणि शीव नसलेले राज्य, जो आधी पाऊल टाकील त्याचे.

राजा होता शिखरसेन. गेल्या साली शिवफेरीच्या तोंडावर त्याच्या दरबारात जडभद्र नावाचा जादूगार आला. हातात कलाबतूच्या मोजड्या, टोकाला निमुळत्या, दिव्यासारख्या चमकणाऱ्या.

"महाराज, या घाला. पाय दुखणार नाहीत."

"मोल काय?"

"तुमच्या पायांचे दुखणे. तेवढेच मला द्या."

राजा हसला, म्हणून दरबार हसला. "घेऊन जा!" राजा म्हणाला. "पोते आणले आहेस ना?"

जडभद्राने पोते आणले नव्हते. त्याने एक लहानसे गाडगे पुढे केले, त्याचे तोंड बांधले आणि तो निघून गेला. त्या साली राजा एकदाही न बसता चालला. वडिलांनी आखलेली शीव ओलांडून पलीकडचा खडकाळ माळही त्याने राज्यात घेतला. माळावर ना माणूस राहत होता, ना पाणी होते, पण नकाशा मोठा दिसू लागला.

आता अबोलीचे ऐका.

अबोली राजवाड्यात पाय धुणारी. वय एकोणीस. भांडे पडले की दचके, मांजर शिंकले की दचके, कोणी हळू हाक मारली तर जास्तच दचके. तिला सगळे दचकी म्हणत. पण तिची बोटे हुशार होती. डोळ्यांवर काळी पट्टी बांधून, ऊन पाण्याच्या घंगाळात ती राजाचे पाय धुई आणि धुतलेले पाय तसेच ओले मोजड्यांत सरकवी. पुसायचे नाहीत, हाही नेमच होता. राजाच्या पायांवरचे पाणी पुसले तर राज्यातले पाणी आटते म्हणे.

शिवफेरीला चार दिवस उरले होते. सकाळची वेळ. राजा प्रधानाशी हत्तींविषयी बोलत होता. अबोलीने उजवी टाच तळहातावर घेतली आणि तिचे बोट थांबले.

टाचेच्या बाहेरच्या अंगाला काहीतरी टणक होते. भोवतालची कातडी तापली होती. बोटांच्या बेचक्या भिजल्या पोह्यांसारख्या मऊ लागल्या. पाण्याला वास येत होता. तिने भीत भीत त्या टणक जागेवर दाबले. राजा हत्तींविषयीच बोलत राहिला. तिने आणखी जोराने दाबले. राजा मोठ्याने हसला, हत्तीच्याच कुठल्या गोष्टीला.

अबोलीच्या हातातला तांब्या निसटला.

"आक्का," तिने शेजारी उभ्या भीमाक्काच्या कानात म्हटले, "यांच्या टाचेत काहीतरी रुतलंय."

भीमाक्का न्हाणीघराची मुकादमीण होती. दारातून आडवी शिरणारी, पाय सुपासारखे. ती पुटपुटली, "तुझ्या हाताला काही लागलेलं नाही. पाणी ओत."

"पण त्यांना कळत कसं नाही?"

"पाणी ओत म्हणते ना! डोळे जास्त झालेत का तुला?"

अबोलीने पाणी ओतले. गप्प राहिले तर आजचा दिवस जाईल, उद्याचाही जाईल. चौथ्या दिवशी राजा या पायांनी सूर्योदयापासून चालणार. दुपारपर्यंत पाय टिकतील? आणि शिवेवर कोण वाट पाहत असेल? तिला नको नको ते दिसू लागले, आणि ते पट्टीने झाकले जाईना. मग तिने पट्टीच काढली.

टाचेत बाभळीचा काटा होता, बोटाच्या पेराएवढा, आतच मोडलेला. करंगळी मोजडीच्या टोकाने शेजारच्या बोटाखाली दडपली होती. बेचक्या पांढऱ्या फटक पडून चिरल्या होत्या.

राजाने खाली पाहिले. ते उघडे डोळे त्याला दिसले.

"तू पाहिलेस," राजा म्हणाला.

"होय, महाराज."

"काय पाहिलेस?"

"काटा, महाराज. फार दिवसांचा आहे."

"खोटे. मला काहीच होत नाही."

"तेच तर, महाराज," अबोली म्हणाली, आणि आपण हे बोललो याचीच तिला भीती वाटली.

राजाने वाकून आपल्या टाचेला हात लावला. टणक लागले. त्याने दाबले. बोट ओले झाले, पण पायाला काही कळले नाही, जणू पाय शेजारच्या माणसाचा होता. राजाचा चेहरा उतरला. गेल्या सालचे ते हसणे त्याला आठवले.

"मुली," तो सावकाश म्हणाला, "कायदा मला मोडता येत नाही, पण लांबवता येतो. शिवफेरीच्या सूर्योदयापर्यंत माझे दुखणे परत आण. आणलेस तर पाहू. न आणलेस तर तुझे डोळे आणि माझे राज्य एकाच दिवशी जाईल."

काळी पट्टी मुठीत घेऊन अबोली निघाली. जाताना भीमाक्काने तिला जाड तळाच्या वहाणा दिल्या आणि रागाने म्हटले, "घाल. अनवाणी निघालीस वाटतं मरायला?"

तळ्याच्या काठी एक टिटवी बसली होती. टिटवी त्या राज्यात बोलत असे. तिचे बोलणे कोणाला आवडत नसे, एवढेच.

"पोरी, जडभद्राकडे निघालीस?"

अबोली दचकून दोन पावले मागे सरली.

"मला दचकतेस? पुढे काय करशील?" टिटवी म्हणाली. "ऐक. तो लोकांची दुखणी डोंगरावरच्या कोठडीत गाडग्यांत कोंडून ठेवतो. वाटेत खड्यांचे रान आहे. तिथे मागून पावले वाजतील. पळू नकोस. खडा टोचला की थांब. मग पाणथळ आहे. तिथून ओल्या पायाने पुढे जाऊ नकोस. तिसरे काय आहे, ते मला माहीत नाही. तिथून परतून कोणी सांगितले नाही."

"तू येशील बरोबर?"

"मी? मी पाय वर करून झोपते, म्हणून आभाळ टिकले आहे. मला इथे कामे आहेत."

पहिल्या दिवशी ती खड्यांच्या रानात शिरली. झाडे नव्हती. दोन्ही अंगांना पळती माणसे दगड होऊन उभी होती. एकाचा पाय हवेत, एकाची पगडी सुटलेली, एकीने मागे वळून पाहिलेले. थोडी पुढे गेली तोच मागे पावले वाजू लागली. चप् चप् चप्. अबोली दचकली, आणि टिटवीने सांगितलेले सगळे विसरून पळत सुटली. दहा पावले. वीस पावले. वहाणेत खडा शिरला आणि तळव्याला टोचला. तिच्या मनात आले, आत्ता नको, पुढे गेल्यावर काढू. त्याच क्षणी तिचा अंगठा गार पडला. तिने खाली पाहिले. नख राखाडी झाले होते.

ती मटकन खाली बसली. पावले जवळ आली. मागे पाहिले तर पाय पुन्हा पळतील, हे तिला ठाऊक होते, म्हणून तिने काळी पट्टी डोळ्यांवर बांधली. न पाहता पाय हाताळण्याची तिला सवयच होती. तिने वहाण काढली. पावले पाठीशी आली. तिने वहाण उलटी करून झटकली. मानेवर कोणाचा तरी गार श्वास आला. तिने तळव्यावरून बोट फिरवले, रुतलेली कच नखाने काढली, वहाण पुन्हा चढवली, बंद सैल नाही ना ते पाहिले, आणि मगच उठली.

श्वास गेला. पावले थांबली. पट्टी काढली तेव्हा नख गुलाबी होते, आणि रानात दगडांवाचून कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाणथळ आली. पाणी गुडघाभर, खालचा गाळ उबदार. पलीकडच्या काठावर हिरवेगार गवत होते. पण त्या गवतात माणसांच्या उंचीची झाडेही होती, आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याला पायाची दहा बोटे होती. ओल्या बेचक्यांत गवताचे बी शिरे आणि मूळ धरी.

अबोली काठावरच्या कोरड्या धोंड्यावर बसली. गवत तिच्याकडे वाकू लागले. तिने पट्टी घेतली, आधी तळवे पुसले, मग घोटे, मग एकेक बोट अलगद बाजूला करून एकेक बेचकी. हात थांबला तो करंगळीपाशी. राज्यातले पाणी आटले तर? लहानपणापासून ऐकलेले असे सहज सुटत नाही. एवढ्यात एक पाते तिच्या करंगळीला शिवले आणि आत काहीतरी वळवळले. ती किंचाळली. पाते उपटले, बेचकी खसखसून पुसली, वहाणांचे तळ पुसले. मग गवतातून चालत गेली. गवत नुसतेच गवत राहिले. मागे वळून पाहिले, तर पाणथळीतले पाणी थेंबानेही कमी झाले नव्हते.

तिसऱ्या दिवशी ती डोंगर चढली. दार उघडेच होते. आत जडभद्र उभा होता.

"ये, मुली. घाबरलीस?"

"होय."

"खरे बोलतेस. बस."

तिथे एकच आसन होते, आणि त्याच्यावर बोटभर धूळ. जडभद्र बसत नसावा. त्याच्या बाजूला शेगडी पेटली होती. बोलता बोलता एक निखारा उडून त्याच्या पावलावर पडला. कातडी चरचरली, वास आला, अबोली दचकून उठली. जडभद्राने खाली पाहिलेही नाही.

"तुमचा पाय..." ती म्हणाली.

"माझ्या पायांचे मला काही वाटत नाही. पहिले गाडगे माझेच आहे. बघ, त्या कोपऱ्यात." त्याने कोठडी दाखवली. हजार गाडगी, सगळी सारखी. "तीन गाडग्यांना हात लाव. त्यांत तुझ्या राजाचे दुखणे असले तर ने. पण हात लावशील तेव्हा ते तुला होईल. तोंडातून आवाज आला तर तुझेही दुखणे माझे. आणि मी ऐकले आहे, तुला दचकी म्हणतात."

तो हसला. अबोलीने पट्टीची घडी केली आणि दातांत धरली.

डोळ्यांनी काही कळणार नव्हते. तिने डोळे मिटले आणि हाताची पालथी बाजू न टेकवता गाडग्यांवरून नेली. ज्या दुखण्याकडे कोणी पाहिले नाही, ते तापत जाते, हे तिच्या बोटांना न्हाणीघरात कळले होते. एक ऊन लागले. तिने धरले. तिच्या टाचा भेगाळल्या, रक्त येईस्तोवर, थंडीतल्या गार चिखलात. कोणा कुंभारणीचे दुखणे ते. अबोलीने पट्टी चावली. डोळे उघडले तर गाडगे खिडकीशी होते. उन्हाने तापलेले.

ती सावलीकडे सरकली. दुसरे कोमट लागले. धरले मात्र, अंगठ्याचे नख मांसात घुसले. कोणीतरी नखाचे कोपरे खोल कापले होते. हुंदका घशाशी आला आणि पट्टीत अडकला.

"एक उरले," जडभद्र म्हणाला.

अबोलीला पळून जावेसे वाटले. पण आता तिसरे चुकले तर... ती पुढचे मनात आणायला तयार नव्हती. तिने हात आणखी हळू नेला. खालची फळी, अंधार, गार, गार, गार. आणि मग चुलीवरच्या तव्यासारखी धग. तिने दोन्ही हातांनी धरले.

उजव्या टाचेच्या बाहेरच्या अंगाला काटा. दडपलेली करंगळी. चिरलेल्या बेचक्या. आणि या सगळ्यावर वर्षभराचे न झालेले दुखणे, एकदम. तिचे गुडघे टेकले, पट्टीला दात आरपार गेले. पण आवाज आला नाही.

जडभद्राचे हसू मावळले. "ने," तो म्हणाला. "पण ऐक. त्याने भरल्या दरबारात हसत दिले आहे. भरल्या लोकांत मागितल्याशिवाय याचे तोंड सुटणार नाही. तळवे उघडे केल्याशिवाय ते आत शिरणार नाही. तो करील असे? सात पिढ्यांत कोणी केले नाही. शिवफेरीच्या दिवशी मी शिवेवर उभा राहतो."

गाडगे पदरात गुंडाळून, थांबायचे तिथे थांबत, पुसायचे तिथे पुसत, अबोली दोन रात्री आणि एक दिवस चालत राहिली. शिवफेरीचा सूर्य उगवायला थोडा अवकाश होता तेव्हा ती वेशीशी पोचली. सगळे राज्य जमले होते. राजा मोजड्या घालून सज्ज होता, पण तोंड तापाने लाल दिसत होते. समोर माळाच्या कडेला, काळ्या खडकावर, जडभद्र उभा होता.

अबोलीने गाडगे ठेवले आणि अट सांगितली. तिचा आवाज चिरकत होता.

प्रधान ओरडला, "तळवे? सगळ्यांसमोर? महाराज, मग सगळ्या राज्याचे डोळे काढावे लागतील!"

राजाने लोकांकडे पाहिले. लोकांनी सवयीने डोळे मिटले होते. म्हातारे, बायका, खांद्यावरची पोरे, सगळे मिटलेल्या डोळ्यांनी उभे.

"अबोली," राजाने विचारले, "फार दुखते का ते?"

"फार, महाराज."

राजा जमिनीवर बसला. मोजड्या ओढून काढल्या आणि दोन्ही पाय लोकांपुढे लांब केले.

"डोळे उघडा," तो म्हणाला. "मी हसलो होतो. चुकलो. माझे दुखणे मला परत पाहिजे."

कोणी उघडले नाहीत. मग भीमाक्काने एक डोळा उघडला, मग दुसरा, आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! काय करून घेतलंय हे पायांचं!"

तेव्हा सगळ्यांनी डोळे उघडले. गाडग्याचे तोंड आपोआप सुटले.

राजा असा ओरडला की तळ्यावरची पाखरे उडाली. "आई गं!" अबोली दचकली, आणि दचकता दचकता रडू लागली, कारण इतके चांगले ओरडणे तिने कधी ऐकले नव्हते.

वैद्याने काटा काढला, जखम धुतली, औषध बांधले. "खरे तर पंधरा दिवस पाय खाली टेकू नये, महाराज."

"आजचा एक दिवस सोडून," राजा दात आवळून म्हणाला. "पण या मोजड्यांत नाही."

कोणाच्याच वहाणा बांधलेल्या पायात जाईनात. मग भीमाक्काने आपल्या काढल्या, रुंद पंजाच्या, मऊ चामड्याच्या, वापरून ढिल्या झालेल्या. "सगळा राजवाडा माझ्या पायांना नावं ठेवतो," ती म्हणाली. "घाला आता."

राजाने घातल्या. करंगळी वर्षाने मोकळी झाली.

तो चालू लागला. माळाकडे गेला नाही. वडिलांच्या जुन्या शिवेने निघाला. हजार पावलांवर त्याचा पाय ठणकला आणि तो थांबला. तिथे गवतात एक सपाट दगड होता, त्याच्यावर कोणी गोवऱ्या वाळत घातल्या होत्या.

एक म्हातारा म्हणाला, "तुमचे वडील इथं बसत, महाराज. असे अकरा आहेत शिवेवर."

राजाने आजवर ते दगड पाहिले होते, पण ते कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने गोवऱ्या बाजूला केल्या आणि बसला. पाय वर घेतला, पट्टी तपासली, वहाण झटकली. उठला. पुढच्या दगडापर्यंत चालला. पुन्हा बसला. दुखणे त्याला सांगत होते, कधी थांबायचे ते, आणि तो ऐकत होता.

दुपार झाली. काळा खडक तापला. जडभद्र त्याच्यावर तसाच उभा होता, सकाळपासून एकाच जागी, राजाच्या पडण्याकडे डोळे लावून.

अकराव्या दगडापाशी राजा आला तेव्हा सूर्य हातभर वर होता. पाय सुजला होता, अंगाला घाम सुटला होता. तो दगडावर धाडकन बसला.

"पडला!" जडभद्र ओरडला. "राज्य माझे!"

"बसलो आहे," राजा म्हणाला. "पडलो नाही."

राजाने गुडघ्यांवर हात टेकले. एकदा उठला, पुन्हा बसला. सूर्य बोटभर उरला. तो उठला, आणि एकेक पाऊल मोजावे तसा वेशीपर्यंत चालत गेला. उंबरठा ओलांडला आणि सूर्य बुडाला.

जडभद्र पुढे झेपावला. पण पाय उचललाच गेला नाही. त्याने कित्येक वर्षांत पहिल्यांदा खाली पाहिले. तापल्या खडकावर त्याचे पाय वाळवी लागलेल्या खोडासारखे झाले होते. तो मुळासकट कोसळला. त्याच घडीला डोंगरावर हजार गाडगी फुटली आणि दुखणी आपापल्या घरी परतली. खड्यांच्या रानातले दगड खाली बसून आपले तळवे चोळू लागले, पाणथळीतली झाडे बोटे पुसू लागली. कोपऱ्यातले पहिले गाडगेही फुटले.

"दुखतंय," जडभद्र म्हणाला, आणि पोरासारखा रडला.

कोणी त्याच्याजवळ जाईना. अबोलीही थोडा वेळ गेली नाही. मग तिने ऊन पाण्याचा तांब्या घेतला, दातांनी भोके पडलेली काळी पट्टी घेतली आणि लांबूनच म्हटले, "पाय पुढे करा. पण पुसताना हलायचं नाही."

खडकाळ माळ राज्यातून गेला. त्याची कोणाला आठवण झाली नाही. मोजड्या तळ्यात बुडवल्या. कायदा कोरलेला तो सात पिढ्यांचा दगड उलटा करून शिवेवर बारावा विसावा म्हणून बसवला. जडभद्र बरा झाल्यावर शिवेवरच्या दगडांभोवतीचे गवत काढू लागला, बसून. राजा आता पाय स्वतः धुतो, बेचक्या स्वतः कोरड्या करतो, टाचांना कोकमाचे तेल चोळतो, आणि दिसत नाही तो तळवा अबोलीला दाखवतो. पट्टी बांधायची नाही, असा तिला हुकूम आहे. भीमाक्काच्या वहाणा परत द्यायच्या राहून गेल्या. ती रोज मागते. तो रोज उद्या म्हणतो.

टिटवी ओरडली की अबोली अजून दचकते.

ही कथा ऐकताना ज्याच्या वहाणेत खडा आला असेल, त्याने आधी बसावे, तो काढावा, आणि मगच घरी जावे.